धारची शाखा

टोकेकर माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी पुरणपोळी मोजली. किती खाल्ल्या ते नव्हे, जाडी. शर्टाच्या ज्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे ते व्हर्नियर कॅलिपर ठेवतात. स्टीलचं, दोन जबड्यांचं, केसाची जाडीसुद्धा सांगणारं. ते त्यांनी काढलं, पोळीच्या कडेला लावलं, मग पोळीचा मधला तुकडा मोडून त्याला लावलं, आणि माझ्या सुनेला म्हणाले, "कडेला चार, मधे साडेपाच. पुरण मधे गोळा झालंय. चवीबद्दल काही म्हणणं नाही हो." सून इंदूरची, हिंदी शाळेत शिकलेली. तिला वाटलं काकांनी कौतुक केलं. तिनं आणखी एक वाढली. तीही मोजली गेली.

दिगंबर टोकेकर तरुणपणी साताऱ्याकडून देवासला आले ते इथल्या गिअरच्या कारखान्यात. काम तपासणीचं. समोर आलेली वस्तू बरोबर आहे की नाही एवढंच सांगायचं, आणि ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत सांगितलं. निरोप समारंभात मिळालेल्या घड्याळाचा काटा बारा वाजता बरोबर बारावर येत नाही, हे त्यांनी आभाराच्या भाषणातच सांगून टाकलं. कुणी म्हणालं, "जाऊ द्या ना टोकेकर, दिसायला तर छान आहे," की त्यांचं उत्तर ठरलेलं, "नजरेला चालतं, नियमाला नाही."

ते आमच्या मागच्या कॉलनीत एकटेच राहतात. बायको वारली असावी, असं आम्ही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं कुणीच नाही. असल्या माणसाला काही विचारायची सोय नसते, तो प्रश्नच तपासायला घेईल.

विमानाचं खूळ त्यांनीच आणलं. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमागे वाचनालयाची खोली आहे. तिथली पुस्तकं कुणी वाचत नाही, पण टेबल मोठं आहे. एका रविवारी सकाळी टोकेकरांनी त्या टेबलावर एक डबा उघडला. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत आंब्याच्या झाडाला कैऱ्या लटकाव्यात तसे विमानाचे बारके बारके भाग. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की हातभर लांबीचं डकोटा विमान तयार. जुन्या काळचं, दोन पंख्यांचं.

"एकट्याचं काम नाही हे," टोकेकर म्हणाले. "चार जण हवेत."

चौघांत एक मी. मी पोस्टात होते, त्यामुळे बारीक गोष्टी निवडून वेगळ्या ठेवायची सवय. भाग कापून नंबरवार डब्यांत ठेवायचं काम माझं. दुसरे मेडिकलवाले पेंढारकर. जन्मभर औषधांबरोबरचे कागद वाचलेले, म्हणून सूचनापत्रक त्यांच्याकडे. तिसरे राठौरजी. ते मालवी बोलणारे, पण शेजारामुळे मराठी सगळी कळते. त्यांनी हयातभर ट्रक रंगवले. रंगकाम अर्थातच त्यांच्याकडे येणार, असं त्यांना आणि आम्हाला वाटलं.

टोकेकरांनी दोन्ही पंख उचलले, कापसात गुंडाळले, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि म्हणाले, "पंख धारला जातील."

"धार?" राठौरजी उठूनच उभे राहिले. "टोकेकर भिया, परों का रंग मैं नी करूँगा तो कौन करेगा?"

"धारला आपली शाखा आहे."

याच्यावर एक अक्षर नाही. देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. जायला तीन तास, यायला तीन तास. दर दुसऱ्या मंगळवारी ते खोकं मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचे. आम्ही या शाखेबद्दल तर्क लढवायचो. पेंढारकरांच्या मते तो हवाई दलातला निवृत्त माणूस, मोठ्या मिशांचा. राठौरजींच्या मते कुणीतरी "बिगड़ा हुआ पेंटर".

बाकीचं विमान होत आलं. मी चिमट्यानं खिडक्या बसवल्या, पेंढारकरांनी चाकं उलटी लावून पुन्हा सुलटी लावली, राठौरजींनी पोटाला असा चंदेरी हात दिला की आम्ही टाळ्या वाजवल्या. टोकेकरांनी तोंडभर नाही, पण मानभर दाद दिली. फक्त पंख येईनात. म्हणजे यायचे. टोकेकर टेबलावर ठेवायचे, भिंग लावायचे आणि म्हणायचे, "उजव्याच्या टोकाला रंग ओघळलाय. परत न्यावा लागेल." पुढच्या खेपेला पट्टी वाकडी. त्याच्या पुढच्या खेपेला बोटाचा ठसा. थंडी गेली, उन्हाळा गेला, माळव्यात पाऊस सुरू झाला, विमान पंखांवाचून टेबलावर तसंच.

राठौरजींनी एकदा भिंग हिसकावून स्वतः पाहिलं. ओघळ होता खरा, मोहरीएवढा. "ये तो मैं नाखून से निकाल दूँ," ते म्हणाले. टोकेकरांनी खोकं दोन्ही हातांनी झाकलं. "नाही. ज्याचं काम त्यानंच दुरुस्त करायचं."

गणपती जवळ आले. मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर करून टाकलं, यंदा हॉलमध्ये विमान ठेवायचं, तीन दिवस, सगळ्या कॉलन्यांना बोलावून. पंख त्या वेळी धारला. आणि टोकेकर आडवे झाले. ताप, सांधे धरलेले, खाटेवरून न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरून.

मी म्हटलं, "मी जाऊन आणते पंख. पत्ता द्या."

"राहू द्या कुंदाताई. पंखांशिवाय ठेवू."

हे बोलणारा माणूस पुरणपोळीची जाडी मोजतो. मी कागद-पेन पुढे धरून बसले. शेवटी त्यांनी, उजवा धरलेला म्हणून, डाव्या हातानं पत्ता लिहून दिला. वर नाव होतं, श. टोकेकर. शरद किंवा शशिकांत असेल, भाऊ असेल, असं धरून मी बसमध्ये बसले.

दार एका बाईंनी उघडलं. साठी ओलांडलेल्या, ताठ, पांढरे केस नीट चापून बसवलेले. "यावं. देवासहून ना आपण? त्यांना बरं नाही का?"

मी अजून काहीच सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मंगळवार चुकला." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मी शरयू. त्यांची पत्नी."

माझ्या हातातलं पाणी थोडं सांडलं. बाईंनी फडकं आणून पुसलं, जणू कुणीही आलं की इथं पाणी सांडतंच.

त्या धारच्याच. आजोबा संस्थानच्या नोकरीत, वडील मास्तर, त्या स्वतः मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. खिडकीशी टेबल, त्यावर बारीक कुंचले आणि आमचे दोन पंख. चहा होईपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं, कुणी विचारायची वाट पाहात असल्यासारखं.

"लग्नाला बारा वर्षं झाली होती. मूल नाही. दिवाळीला मी अंगणात रांगोळी काढली, सकाळपासून बसून. ते कारखान्यातून आले, खाली वाकले, खिशातलं ते यंत्र काढलं आणि म्हणाले, डावीकडची पाकळी मोठी आहे." त्या हसल्या. "रागावण्यासारखं काय होतं त्यात? मोठी होतीच. मी ती पुसली. तेवढ्यात वडील आजारी असल्याचं पत्र आलं, तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून इथं आले. मग शाळेत जागा मिळाली. मग राहिलेच. भांडलो असतो तर मिटवता तरी आलं असतं."

"आणि ते आले नाहीत न्यायला?"

"एकदा आले होते. दारात उभे राहिले. मी म्हटलं, काय काम काढलंत? म्हणाले, काही नाही, इकडे आलो होतो. चहा घेतला, गेले." त्यांनी कपाची कड पुसली. "त्यानंतर एकदम गेल्या वर्षी कार्ड आलं. आम्ही चार जण विमान करीत आहोत. पंखांना स्थिर हात पाहिजे. तुमचा आहे. खाली सही, पूर्ण नावाची. मला हसूच आलं. बायकोला कुणी पूर्ण नावाची सही करतं का?"

मी टेबलाशी गेले. पंख सुरेख झाले होते. डाव्या टोकाशी मात्र रंगाची एक बारीक रेघ कडेबाहेर गेलेली दिसली. इतक्या महिन्यांत माझीही नजर तयार झाली होती. मी बोट ठेवलं. "इथं थोडं..."

"हो. ते मी ठेवलंय."

"ठेवलंय?"

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पहिल्या खेपेला खरंच चुकलं होतं. दुसऱ्या खेपेला एकही चूक नव्हती. ते भिंग लावून बसले. इतका वेळ बसले, आणि चेहरा पडत गेला. शेवटी म्हणाले, कडेला रंग जाड वाटतोय. जाड नव्हता हो. त्या माणसानं जन्मात मापाबद्दल खोटं सांगितलेलं नाही. तेव्हापासून मीच काहीतरी चूक ठेवते. माझ्यापायी त्यांना खोटं बोलायला नको."

मी म्हटलं, "गणपतीला विमान ठेवायचंय. आठ दिवस राहिलेत."

"माहीत आहे." त्यांनी कुंचला घेतला, खिडकीच्या उजेडात पंख धरला आणि ती रेघ दोन मिनिटांत नाहीशी केली. हात खरोखर स्थिर होता. रंग वाळेपर्यंत त्यांनी कुंचले धुतले. मग त्यांनी कापूस स्वतः घातला, खोकं दोऱ्यानं बांधलं. दारात म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, ताप उतरला तरी थंड पाण्यानं अंघोळ करू नका. करतात ते."

टोकेकरांनी खाटेवर बसून भिंगातून पंख पाहिले. उजवा पाहिला, डावा पाहिला, पुन्हा उजवा. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "काही नाही यात." सुटकेचा सूर नव्हता तो. नंतर खूप वेळानं, दुसरीकडे बघत, "त्यांच्या मागच्या दाराला कडी बसली का? मागच्या खेपेला सैल होती."

मी कडी बघितली नव्हती. मी म्हटलं, "बसली."

विमान पूर्ण झालं. गणपतीच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर ते ठेवलं, आणि टोकेकर काठी टेकत येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. मुलं बघून गेली, बायका बघून गेल्या, राठौरजी प्रत्येकाला पोटाचा चंदेरी रंग दाखवत होते. टोकेकरांनी एरवी कुणालाही थांबवून प्रत्येक भागाचं माप सांगितलं असतं. आता मात्र दाराकडे कुणाची सावली पडली की मान वर करायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी शरयूताई आल्या. पिशवी खांद्याला, छत्री हातात. टोकेकर काठी विसरून उभे राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली, आणि कुणी अनोळखी पाहुणी यावी तसं त्यांना विमान समजावून सांगायला सुरुवात केली. हे इंजिन, हे शेपूट, हे असं जोडलं, ते तसं. पंखांपाशी येऊन थांबले. "हे पंख आमच्या धारच्या शाखेनं केले," ते म्हणाले. शरयूताई गंभीरपणे म्हणाल्या, "चांगले केलेत." राठौरजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि एकदम चहा आणायला निघून गेले. जाताना पेंढारकरांनाही दंड धरून घेऊन गेले.

चार वाजता त्या म्हणाल्या, निघायला हवं. टोकेकर बसस्टँडपर्यंत सोडायला निघाले आणि मला म्हणाले, "कुंदाताई, तुम्हीही चला." मी नको म्हणत होते. त्यांनी माझी बाही धरली.

रस्ताभर दोघांत एका माणसाचं अंतर, आणि तो माणूस मी. बोलणं पावसाबद्दल झालं. बसमध्ये चढून टोकेकरांनी खिडकीची जागा शोधली, रुमालानं सीट पुसली, खिडकी उघडते का पाहिली, मिटते का पाहिली, मग खाली उतरले. शरयूताई आत बसल्या. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं तेव्हा त्या खिडकीतून वाकल्या. "आता पुढचं कोणतं?"

टोकेकर म्हणाले, "अजून ठरलं नाही."

बस हलली. त्यांनी हात अर्धा वर केला आणि तसाच ठेवला. बस चौकात वळली, दिसेनाशी झाली, तरी हात वरच होता. इंदूरच्या दुसऱ्या बसचा कंडक्टर "चलो, काकाजी, इंदौर" म्हणून त्यांच्यापाशी येऊन गेला.

"वाक्य तयार केलं होतं," ते म्हणाले. "तीन दिवस."

"कोणतं?"

ते रस्त्याकडेच बघत होते. पाठ केलेलं म्हणावं तसं, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत म्हणाले, "घरी एक खोली रिकामीच आहे, राहिलात तर बरं वाटेल."

वाक्य चांगलं होतं. ऐकायला मात्र मीच होते.

"लिहून पाठवा ना," मी म्हटलं. "कार्ड पाठवलं होतंत की एकदा."

त्यांनी मान हलवली. "ते विमानाबद्दल होतं. हे लिहिलं तर मी तपासत बसेन कुंदाताई. आणि मग पाठवणार नाही."

आम्ही परत निघालो. त्यांना भरभर चालवत नव्हतं, म्हणून मीही हळू चालले. हॉलपाशी राठौरजी चहाचे ग्लास घेऊन उभे होते, चार नाही, पाच. त्यांनी आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं, आणि काही न विचारता एक ग्लास टोकेकरांच्या हातात दिला.