म्हशीच्या गोठ्यातलं वायफाय

इंटरनेटच्या वायरीला उतार देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी दामूतात्या. घरातून मागच्या गोठ्यापर्यंत वायर न्यायची, तर हा बाबा सकाळपासून पाणसळ घेऊन अंगणात उकिडवा बसलेला. गवंड्याची पाणसळ हो, बुडबुडा बघून पातळी मोजायची ती. मी म्हटलं, "तात्या, ही नळाची पाईप नाय. यातून पाणी नाय जात."

"काय जायचं ते जाईल," तात्या म्हणाले. "पण उताराशिवाय कायपण जात नाय."

आता बोला! तात्यांची सगळी नोकरी भातसानगरला गेली, कालव्यावर. दारं उघडायची, दारं लावायची, कोणाच्या शेतात किती वेळ पाणी ते बघायचं आणि शिव्या खायच्या. निवृत्त होऊन धसईच्या अलीकडे आमच्या गावात परत आले, पण कालवा काही डोक्यातून गेला नाही. "शेपटाला पोचलं तर पोचलं म्हणायचं," हे त्यांचं ब्रीद. म्हणजे कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्याला मिळालं तरच पाणी सोडलं म्हणायचं. एका लग्नात त्यांना हौसेने वाढायला उभं केलं. त्यांनी वाढप शेपटाकडून सुरू केलं. बँडवाले जिलेबी खाऊन ढेकर देतायत आणि वरमाई रिकाम्या पत्रावळीकडे बघत बसलेली. तेव्हापासून त्यांना कोणी वाढायला बोलवत नाही.

माझं गावात मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यामुळे कोणाच्याही घरातलं नेट अडलं की ते मीच अडवलंय अशा थाटात लोक माझ्या दारात येतात. तात्या मात्र आले ते वेगळीच मागणी घेऊन. "गोठ्यात नेट पायजे. शेवंतीला."

शेवंती म्हणजे म्हैस. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी स्टूल पुढे सरकवलं. अशा वेळी माणसाला आधी बसवावं.

झालं होतं असं. तात्यांची बायको, आमच्या पारूकाकी, वाशिंदला मुलाकडे गेलेल्या. सून कारखान्यात कामाला, नातू तान्हा, सांभाळणार कोण? तिकडे खोली एवढीशी, म्हणून तात्या इकडेच. शेवंतीला काकींनी पारडी असल्यापासून वाढवलेली. धार काढताना काकींची सारखी बडबड चाले. घरातलं, गावातलं, कोणाची सून कशी, माझ्या दुकानातली शाई कशी फिकी, सगळं त्या म्हशीला ठाऊक. ते ऐकत ऐकत शेवंती पान्हा सोडायची. काकी गेल्या आणि शेवंतीने दूध चढवलं. तात्या बसले की पाय झाडायची.

तात्यांनी सगळे उपाय केले. काकींचं लुगडं नेसून धारेला बसले. ही युक्ती आमच्याकडे जुनी आहे, पुष्कळ म्हशी फसतात. शेवंतीने लुगडं हुंगलं, वर मिशा बघितल्या आणि अशी लाथ घातली की तात्या लुगड्यासकट शेणात. नेमके त्याच वेळी ग्रामसेवक घरपट्टीला आले होते. ते पावती न फाडताच गेले.

मग मी काकींचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून दिला. एक संध्याकाळ बरी गेली. दुसऱ्या दिवशी लाथ.

"तिला कळतं गो," तात्या म्हणाले. "ही हुंकार देते, पण तिकडून पुढचं येतच नाय. कालचंच बोलणं आज परत. कोण ऐकल?"

"मग थेट फोन लावा ना काकींना!"

"रेंज नाय गोठ्यात. डोंगर आडवा येतो. घरात वायफाय हाय, पण म्हशीला घरात घेऊ काय?"

तेवढ्यात मुलाचं म्हणणं पडलं की दूध देत नसेल तर म्हैस विकून टाका, उगाच वैरण कशाला घालायची. मुरबाडचा एक दलाल येऊन शेवंतीची शिंगं चाचपूनही गेला. त्या दिवशी तात्या दुकानात आले ते बसलेच नाहीत. काउंटरवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "म्हैस गेली तर तुझी काकी परत कशाला येईल? नातू शाळेत जायला लागला की येईन म्हणते. ती म्हशीसाठी म्हणते. माझ्यासाठी थोडंच?"

मला एकदम राग आला. आमचे बाप्ये म्हणजे असे! एवढं वाटतं तर फोन करून बायकोशी बोलावं की. पण तात्यांचा फोन मी ऐकलेला आहे. "पोचली काय? बरं. ठेव मग." झाला संसार. काकींशी पंचेचाळीस-पन्नास वर्षं असंच चाललेलं असणार. मी म्हटलं, चला, म्हशीला नेट देऊ.

आधी मी रेंज वाढवायचा डबा मागवला, तो एक्स्टेंडर हो. तो स्वयंपाकघरात प्लगला लावला. पण घराच्या जाड मातीच्या भिंती, गोठ्यावर पत्रे. गोठ्यात काकींचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी यायला लागला. "शे... शे... वं..." शेवंतीने दावं तोडलं आणि थेट पाटलांच्या वालात घुसली. पाटलीणबाईंनी माझा उद्धार केला. म्हशीचा नाही, माझा.

मी तात्यांना समजावलं. हा डबा हवेतून सिग्नल उचलतो आणि पुढे देतो, त्यात अर्धाअधिक जोर जातो. त्यापेक्षा मोठ्या डब्यातून वायर काढायची, ती गोठ्यातल्या डब्याला मागून जोडायची, आणि सेटिंगमध्ये त्याला सांगायचं की तू आता उचलायचं काम सोड, वायरीतून येईल तेच वाट. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

तात्यांचे डोळे चमकले. "म्हंजे आतापर्यंत तांब्याने पाणी उपसून देत होतो. आता थेट पाट काढायचा! मग असं सांग की!"

सांगितलं आणि फसले. कारण पाट म्हटला की उतार आला. आणि गोठा घरापेक्षा उंचावर, मागच्या टेपाडाला लागून. पाणी चढावर जात नाही, तर नेट कसं जाईल? मी किती परीने सांगितलं. शेवटी माझ्याच दुकानातली शिडी नेऊन तात्यांनी घरातला मोठा डबा आढ्याला बांधला, कौलांच्या खाली अगदी टोकाला. तिथून वायर पाईपात घालून पाणसळ लावत लावत गोठ्यापर्यंत उतरवली. कुठे कोपरा नको, वळण नको, "वळणावर गाळ साठतो." मध्ये शेवग्याचं झाड येत होतं. त्याची फांदी गेली.

वायर जोडली. दिवा लाल. तात्या म्हणाले, उतार कमी पडला. ते परत शिडीवर चढले आणि मी गोठ्यात शेवंतीच्या शेपटीचे फटके खात मोबाईलवर सेटिंग उघडलं. डबा अजून रिपीटरवरच, म्हणजे हवेतून उचलायच्या कामावरच होता. तो ॲक्सेस पॉइंटवर नेला, बंद करून चालू केला. दिवा हिरवा. वरून, आढ्याजवळून, तात्या ओरडले, "आलं काय? वीतभर उचलला मी!"

अजून गावात सांगतात, वीतभर उचलला म्हणून नेट आलं. मी वाद घालायचं सोडलं.

मोबाईल शेवंतीच्या तोंडासमोर खुंटीला टांगला. व्हिडिओ लागला. काकींनी म्हशीला बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. "काय गो बाय माझी! किती रोडावलीस! घालतात काय नाय खायला?" तात्या मागे, म्हशीच्या पोटाआड. त्यांचा केससुद्धा त्या फोनात दिसत नव्हता. काकी सुरू झाल्या. वाशिंदचं पाणी कसं, नातवाला दात कसा आला, शेजारीण कशी आगाऊ. शेवंतीने कान टवकारले, हुंकार दिला, आणि बादलीत धार वाजायला लागली. मला तर बाई रडूच आलं.

दलालाला तात्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. रोज संध्याकाळी धारेच्या वेळी त्यांच्या वायफायवर बसणाऱ्या गावातल्या पोरांना सक्त ताकीद, "आता गोठ्याची पाळी. बंद करा." एकाने चोरून क्रिकेट लावलं तर तात्यांनी पासवर्डच बदलून घेतला. माझ्याकडूनच.

असे काही महिने गेले. मग तात्यांचं दूध दुकानात माझ्या चहाला यायचं थांबलं. "शेवंती आटली," ते म्हणाले. गाभण होती, व्यायच्या आधी आटणारच, त्यात विशेष काही नाही. मी म्हटलं, चला, आता कोणी म्हैस विकायचं नाव काढणार नाही.

माझी शिडी मात्र अजून त्यांच्याकडेच होती. वरच्या फळीवरचे कागदाचे गठ्ठे काढायला मला ती हवी होती, म्हणून एका संध्याकाळी मी मागच्या बाजूने गेले. गोठ्यातून काकींचा आवाज येत होता. मी दारातच थांबले. मोबाईल खुंटीला, शेवंती निवांत रवंथ करतेय. तिच्या मागे तात्या बसलेले, बादली उपडी घालून, तिच्यावरच. धुतलेली, कोरडी बादली.

"सोडला काय पान्हा?" काकींनी फोनातून विचारलं.

"नाय अजून," तात्या म्हणाले. "बोल तू."

मी शिडी न मागताच दाराआड सरकले. आणि काकी? अहो, शेवंतीला रेड्याकडे त्यांनीच तर नेलं होतं, वाशिंदला जायच्या आधी. जन्म म्हशींत गेलेली बाई. कोणती म्हैस कधी आटते हे तिला काय तात्या सांगणार?

मग काकी हसल्यासारखं बोलल्या, "नाय काय? बरं. मग काल कुठपर्यंत आलेले मी?"

"सूनबाईचा डबा बसमधी राहिला," तात्या लगेच म्हणाले, "तिथपर्यंत."