छान म्हणायचं नाही

आमचे शेजारी इमामभाई स्वयंपाक चाखत नसत, ऐकत असत. पातेलं चुलीवर चढलं की ते समोर उकिडवे बसत, टोपी मागे सरकवत आणि कान झाकणाजवळ नेऊन डोळे मिटून घेत. “आता कांदा गप झाला,” ते म्हणत. थोड्या वेळानं, “पानी बोलाया लागलं. लाकूड मागं वढा.” जन्मभर बंगल्यांतून खानसाम्याचं काम केलेला माणूस. त्याला आपण काय शिकवणार? मी शाळामास्तर असलो तरी एवढं मला कळत होतं.

लोणावळ्याच्या बाजारामागं आमची बैठी चाळ होती आणि इमामभाईंची खोली आमच्या खोलीला लागून. मूळचे ते मळवलीचे, पण नोकरी सुटल्यावर गावी न जाता इथंच राहिले होते. बायको, हलिमाबी, वर्षापूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. लढाई नुकतीच संपली होती, साखर रेशनवर मिळत होती, आणि चाळीत सगळ्यांना धास्ती होती ती सकाळी दहा वाजता इमामभाई वाटी घेऊन येण्याची.

वाटीत खिमा असायचा. आपल्यासारखा नव्हे. अगदी रवाळ, दाट, तांबूस, त्यात दालचिनी, मोहरी आणि सिरका. वाटी पुढं करून ते विचारत, “चव काय म्हन्ती?”

आपण म्हणावं, “छान आहे.” म्हणालात की फसलात.

“मास्तर, छान ही काय चव हाय? छान तर भिंतीचा रंगबी असतो. जिभंवर पयलं काय आलं? मागनं काय आलं? तिखट कुटं लागलं, टोकाला का घशात?” मी माझ्या वर्गातल्या ढ मुलांनाही इतकं कधी पिडलं नाही. तीन प्रश्न झाले की मला घाम फुटायचा आणि मग मी काहीही ठोकून द्यायचो.

लोकांनी पळवाटा काढल्या. पोस्टातले आबा सकाळी दहा ते साडेदहा माळकरी असत. समोरच्या मावशींना सोमवारचा उपास मंगळवारीही लागायला लागला. मला दातदुखी जडली. स्वभावानं मी मुळातच चिडका, त्यामुळं दातदुखी शोभूनही दिसायची.

हे प्रकरण सुरू झालं एका पत्रावरून, आणि ते पत्र मीच वाचून दाखवलं होतं, म्हणजे खापर माझ्याच माथी. लढाईच्या दिवसांत खंडाळ्याच्या एका शेठजींच्या बंगल्यात अमेरिकन लष्करातले लोक विश्रांतीला येत. इमामभाई तिथले खानसामा. त्यांतला एक सार्जंट घरच्या आठवणीनं जेवेनासा झाला. त्याच्या गावी लांबट पावात सॉसेज घालून त्यावर खिम्याचा एक खास सॉस ओततात, प्रत्येक गावाचा सॉस वेगळा, आणि त्याला त्याच्याच गावचा हवा होता. इमामभाईंनी तो त्याला करून घातला होता. आता त्यानं लिहिलं होतं की मायदेशी जाण्यापूर्वी अमुक रविवारी दुपारी तुमच्या घरी येतो, सॉसेजचे डबे मी आणतो, सॉस तुम्ही करा. पदार्थाचं इंग्रजी नाव पत्रात होतं, त्यात चक्क कुत्रा होता. त्या नावाचा अर्थ मी घरात कुणाला सांगितला नाही.

रविवारला महिना होता. इमामभाई त्याच दिवशी कामाला लागले.

“साहेबाची रीत उलटी हाय,” ते सांगत. “कच्चा खिमा थंड पान्यात हातानं कालवायचा, गुठळी म्हनून ठेवायची न्हाई, आन् मग चुलीवर. मी म्हनलं, साहेब, आदी परतायचा न्हाई? ह्यो काय खिम्याला आंगुळ घालायचा परकार? पर तसंच करावं लागतं. परतला की दानं सुटं ऱ्हातात, पावातनं खाली पडतात.” बेकरीवाल्याच्या डोक्यावर बसून त्यांनी लांबट पावाचा साचासुद्धा करवून घेतला. सॉसेज डुकराच्या मांसाचे, त्यांना मात्र आपण हात लावणार नाही, ते साहेबानंच उकडायचे, हा करार जुनाच होता.

रविवार आठ दिवसांवर आला, तेव्हा ते सकाळी आमच्याकडे बसले होते. चेहरा उतरलेला. “जमंना, वैनी,” ते माझ्या बायकोला म्हणाले. “साहेब येनार, खानार आन् मनात म्हननार, ह्यो त्यो न्हवं.” बायकोनं चहा केला. ते भुरके मारत पीत होते. “चा झकास झालाय, वैनी.”

मी माझ्या कपाचा घोट घेतला आणि तसाच अंगणात जाऊन थुंकलो. रेशनची साखर पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून बायकोनं ती मिठाच्या बरणीत लपवली होती, आणि मीठ साखरेच्या. घाईत हात चुकला होता. मी परत आत आलो तेव्हा बायको कपाळावर हात मारून उभी होती आणि इमामभाईंचा कप रिकामा होता.

ते आमच्याकडे बघत राहिले. मग कप हळूच खाली ठेवला.

“मीठ पडलं व्हतं का?” त्यांनी विचारलं.

बायकोनं मान हलवली. मग ते सांगू लागले. “मागं तापाची साथ आली व्हती, ल्हान-मोटी मानसं पटापटा गेली. त्यात मी वाचलो, पर नाक आन् जीब गेली, मास्तर. तवापासनं गूळ काय आन् माती काय. खानसाम्याची जीब गेली म्हंजी नोकरी गेली, मग सांगनार कुनाला? हलिमा बंगल्याच्या मागल्या दारी बसायची. मी पळी भरून न्यायचो. ती सांगायची, चिमूटभर मीठ, आलं बास. ती ‘आता बरूबर’ म्हनली की ताट साहेबाम्होरं. पंचवीस वर्सं तिच्या जिबंवर नोकरी केली, कुनाला पत्त्या न्हाई.”

“आणि हा सॉस?” बायकोनं विचारलं.

“ह्यो सगळ्यात शेवटचा. आट-नऊ डाव केला, तवा ती बरूबर म्हनली. फुडं पंधरा दिसांत गेली. हाताला सगळं ठावं हाय, वैनी. चव मला कदी ठावंच नव्हती.”

मला स्वतःची लाज वाटली. तीन आठवडे हा माणूस दारोदार जीभ मागत फिरत होता आणि मी दात दुखतात म्हणून गाल धरून बसलो होतो.

हलिमाबी काय काय सांगायची ते ऐकून घेऊन त्या दिवसापासून चाखायचं काम बायकोनं घेतलं. तिच्याकडं हा गुण आहे हे मला ठाऊक नव्हतं. आजवर तिला चव विचारलीच नव्हती कुणी, मीसुद्धा. “जिरं आधी येतंय. मोहरी उशिरा चढते. तिखट घशात लागतं, ते जिभेवर हवं,” ती सांगायची, आणि इमामभाई मान डोलवत पळायचे.

रविवारी साहेब जीपमधून आला. आमच्या अंगणात बाजेवर बसून त्यानं चार पाव खाल्ले. समोर उकिडवे बसून इमामभाई एकटक त्याच्या तोंडाकडं पाहत होते.

“साहेब, टेस्ट?”

“गुड! व्हेरी गुड!” साहेब बोटं चाटत म्हणाला. त्यानं इमामभाईंना मिठी मारली, आईला सांगेन म्हणाला आणि गेला. चाळ खूश झाली. आबा तर त्या दुपारी माळकरी नव्हते, दोन पाव त्यांनीही उडवले.

संध्याकाळी इमामभाई उरलेली वाटी घेऊन आमच्या दारात आले. “सातासमुद्रापल्याडचा मानूस,” ते म्हणाले, “त्यानंबी छानच म्हनलं.” मग वाटी बायकोपुढं धरली. “वैनी, चव काय म्हन्ती?”

मी मागून बायकोला खुणा करत होतो की म्हण, आता बरोबर. म्हातारा माणूस आहे, एवढं म्हणायला काय जातं? तिनं बोटभर खिमा जिभेवर घेतला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “दालचिनी अजून आधी येते. ती मागून यायला हवी. आणि सिरका थोडा कमी.”

मला बायकोचा असा राग आला की विचारू नका. इमामभाईंनी मात्र वाटी उंबऱ्यावर ठेवली. मग त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. “हलिमा अशीच,” ते म्हणाले. “पयल्या डावाला कदी बरूबर म्हनली न्हाई. उद्या परत करतो.”

साहेब तर गेला, आता कुणासाठी, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आमच्याकडं सोमवारी मटण चालत नाही. तरी दहा वाजता वाटी आलीच. बायको तिच्यावर वाकली, वास घेतला आणि म्हणाली, “दालचिनी गेली मागं. पण चव उद्या सांगते, भाऊ.”

“मग उद्या येतो,” इमामभाई म्हणाले.

मंगळवारी साडेनऊपासूनच मी दारात बसलो होतो. दात अजिबात दुखत नव्हते.