सहीपुरता हात

आमच्या गावात उजवा हात उसना मिळतो. मनगटाशी अर्धा फेरा दिला की निघतो आणि दुसऱ्याच्या मनगटाला बसतो. लाडू वळायला सुगरणीचा नेतात, भिंत रंगवायला रंगाऱ्याचा. नियम एकच: ठरलेलं काम संपेपर्यंत हात परत मागायचा नाही.

आमच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष बापूसाहेब घोडके यांचा हात मात्र आजवर कुणी मागितला नव्हता. त्याला हार घालणं आणि सही करणं एवढंच येत होतं.

गेल्या साली डॉ. शर्वरी देवस्थळी आल्या. ताऱ्यांवरच्या गणितासाठी त्यांना जग ओळखतं. मानेखाली शरीर हलत नाही. पडद्यावरच्या अक्षरांकडे बघत त्या वाक्य जुळवतात आणि यंत्र ते बोलतं. आमच्या व्यासपीठाला नुसत्या पायऱ्या. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि फोटो निघेपर्यंत तसंच अधांतरी धरून ठेवलं. लाज वाटावी असा प्रसंग होता, पण आमच्या मंडळाला ती सवय नाही.

बाई तासभर बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "कुणाला काही विचारायचं आहे?"

सगळं सभागृह उठलं आणि सह्यांच्या वह्या घेऊन रांगेत उभं राहिलं. भाषणभर घोरणारे सगळ्यात पुढे.

"मला सही करता येत नाही," यंत्र म्हणालं. "प्रश्न विचारा."

"प्रश्नांचं नंतर बघू, मॅडम," बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या दिवाणखान्यात आजवरच्या सगळ्या वक्त्यांच्या सह्या चौकटीत टांगलेल्या आहेत. नवी चौकट आधीच आणून ठेवली होती. "माझा हात घ्या. सहीपुरता."

हात बसला. पहिल्याच वहीत त्याने सवयीने 'बा. रा. घोडके' लिहून खाली दोन टिंबं दिली. वहीवाल्याने वाचलंसुद्धा नाही. निम्मी रांग अशीच समाधानाने घरी गेली. मग हात अडखळला. त्याने मेजावरची कार्यक्रमपत्रिका ओढली, उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर बाईंच्या डोक्यातलं गणित मांडायला घेतलं.

"मॅडम, सही," बापूसाहेब म्हणाले.

"सही शेवटी असते," बाई म्हणाल्या. "आधी वर काहीतरी लिहिलेलं असावं लागतं."

नियम तो नियम. हात त्यांच्याबरोबर पुण्याला गेला.

दिवाळीनंतर बापूसाहेब काम कुठवर आलंय ते बघायला गेले. मंडळाचा चिटणीस म्हणून मी सोबत होतो. खोलीभर कागद पसरले होते. हाताने मालकाला ओळख दिली नाही. अंगठी काढून बाजूला ठेवलेली, बोटं शाईने माखलेली. पंधरा वर्षांत मी त्याला इतका कामात पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

"घाई असेल तर आत्ता सही करते आणि हात घेऊन जा," बाई म्हणाल्या. "फक्त त्या दिवशीच्या भाषणावर एक प्रश्न विचारा. कुठलाही."

बापूसाहेबांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, कारण भाषणाच्या वेळी मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो. इथेही चहा आला, समोर ठेवला गेला आणि गार झाला.

"राहू द्या," बापूसाहेब अखेर म्हणाले. "तुमचं काम चालू द्या."

यंदाच्या पाहुण्यांना त्यांनी नारळ डाव्या हाताने दिला. कुणी नावं ठेवली नाहीत. भाषण संपवून पाहुणे म्हणाले, काही शंका असतील तर विचारा. आम्ही वह्या काढल्या.