पुणे-समकक्ष कुंभारी

सोलापुरातल्या एका वधू-वर सूचक मंडळानं गेल्या लग्नसराईत ठराव केला, की यापुढं ‘पुणे’ या शब्दाचा अर्थ मंडळाच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही लावू नये.

ठरावाला कारण घडलं होतं. मुलीकडचे सगळे म्हणत, मुलगा पुण्यातला हवा. मुलाकडचेही सगळे म्हणत, पुण्यातलाच आहे. त्यावर अक्षता पडत. मग एका नव्या नवरीनं माहेरी फोन केला, की पुणं इथून अजून दीड तास पुढं आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊस दिसतो. बाप तडक मंडळात आला. “ऊसच बघायचा हुता तर पोरगी टेंभुर्णीला दिली नसती व्हय?”

मंडळानं पुणे निश्चिती उपसमिती नेमली. समिती जीप करून पुण्याला गेली आणि आठ दिवसांनी कंबर धरून परतली. शहराच्या ऐन मध्यात मंडळाचा एकही मुलगा सापडला नव्हता. तिथं घर परवडेल असा एकच गृहस्थ भेटला, तो साठीचा होता आणि नातवाला खेळवत होता. बाकीचे सगळे उपनगरात, काही तर उपनगराच्याही पलीकडं, जिथं पाटीवर पुणे आणि सातबाऱ्यावर भलतंच. तरी सगळे स्वतःला पुणेकर म्हणवत होते आणि मुख्य म्हणजे पुणेकरासारखेच दमत होते. त्यावरून समितीनं निष्कर्ष काढला, की पुणे हे ठिकाण नसून पात्रता आहे. देव काय देवळातच असतो? भाव तिथं देव. तसंच हे. त्रास तिथं पुणे.

सबब, जो उमेदवार ठरवून दिलेला त्रास सोसेल, तो कुठंही राहत असला तरी त्याला ‘पुणे-समकक्ष’ असं प्रमाणपत्र मिळेल, असं ठरलं.

आता कुंभारीच्या शिवराजकडं येऊ. वय एकतीस. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. मोटारसायकलवर पंचवीस मिनिटांत कामाला, संध्याकाळी सहाला घरी, सातला मारुतीच्या देवळात पखवाज. स्वभाव गरीब, हात गोड. एवढे दोष असल्यावर लग्न जमणार कसं?

तरी एक स्थळ आलं होतं. वैजयंती, शिकलेली, औषधाच्या दुकानात नोकरीला. पोह्यांच्या वेळी तिनं एकच प्रश्न विचारला होता, “संध्याकाळी घरी किती वाजता येता?” शिवराज म्हणाला, “सहाला.” ती हसली. शिवराजची आई बजाबाई हिनं ते हसू पाहिलं आणि त्याच दिवशी मारुतीला नारळ बोलली. पण वैजयंतीचे वडील रावजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. शिक्का दिसल्याशिवाय त्यांना मुलगासुद्धा दिसत नसे. “पोरगं ब्येस हाय,” ते म्हणाले, “पर पुण्याचं न्हाय.”

म्हणून शिवराजनं अर्ज केला. मंडळाचे चिटणीस अजिनाथराव तपासणीला कुंभारीत आले.

“कामावर पोहोचायला किती वेळ लागतो?”

“पंचवीस मिन्टं,” बजाबाई कौतुकानं म्हणाली.

अजिनाथरावांनी लिहिलं, त्रुटी. “पाणी?”

“बोअरला हाय की. ग्वाड पाणी. पिऊन तर बगा.”

त्रुटी. इतक्यात मागच्या दारानं एक बाई आली आणि शेंगाचटणीची वाटी न बोलता फळीवर ठेवून गेली.

“या कोण?”

“गौरम्मा. शेजारीण.”

“नाव माहीत आहे तुम्हाला?”

“चाळीस वर्सं भिंतीला भिंत हाय सायेब. नाव कसं म्हाईत नसंल?”

“गंभीर त्रुटी,” अजिनाथराव म्हणाले. “मावशी, अशानं तुमच्या मुलाचं कसं होणार?”

बजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षांत शेजारणीमुळं असं तोंड खाली घालायची वेळ आली नव्हती.

त्रुटीपूर्तीला दोन महिन्यांची मुदत मिळाली. घरची माणसं कामाला लागली. शिवराज सकाळी कारखान्याच्या उलट्या दिशेनं वळसंगपर्यंत जाई, तिथून फिरून कुंभारीवरून, स्वतःच्या दारावरून, आईला हात न करता सोलापूर गाठी. हात केला तर ओळख धरली जाते. येतानाही तसंच. बोअरला कुलूप लागलं. त्याच बोअरचं पाणी टँकरमध्ये भरायचं, टँकरनं गावाला दोन वेढे घालून दारात हॉर्न वाजवायचा आणि बजाबाईनं घागर घेऊन धावायचं, अशी व्यवस्था झाली. पाणी तेच, पण तिसऱ्या दिवसापासून ते पुरेनासं झालं.

आळीच्या तोंडाशी बांबू आडवा लावला. त्याच्याशी निळा सदरा घालून कोंडीबा धनगराला बसवलं. हातात वही दिली. मेंढरं तो अजूनही सोडत होता, पण मोजून. मागच्या दारालाही कुलूप लागलं, त्यामुळं गौरम्माला वळसा घालून बांबूवरूनच यावं लागलं.

“नाव?” त्यानं गौरम्माला विचारलं.

“अय्यो! तुझ्या लग्नात मी पोळ्या लाटल्या की रे!”

“ते खरं हाय वयनी. पर कुणाकडं जायचंय, काय काम, ते लिवा.”

गौरम्मानं ‘विरजण’ असं लिहिलं, अंगठ्यावर शाई लावून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. महिन्याभरात बजाबाईला तिचं नाव आठवायला खरंच वेळ लागू लागला. अजिनाथरावांनी त्या रकान्यात ‘समाधानकारक’ लिहिलं.

शेवटची अट तोंडी परीक्षेची होती. राहत्या जागेबद्दल विचारलं, की उमेदवाराच्या घरच्यांनी न अडखळता म्हणायचं, ‘आत्ता थोडं लांब वाटतं, पण मेट्रो येणार आहे.’ बजाबाईनं ते वाक्य भाकरी थापताना पाठ केलं.

“मेट्रो येनार हाय,” ती म्हणाली.

“कधी?”

“त्ये पाट करायला दिलं न्हाय.”

“उत्तम,” अजिनाथराव म्हणाले, आणि शिक्का उमटला. कुंभारी, घर क्रमांक अमुक, पुणे-समकक्ष.

प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा गावात हरिनाम सप्ताह चालू होता. मुहूर्त चांगला म्हणून रावजींनी वैजयंतीला घेऊन घर बघायला यायचं ठरवलं. अजिनाथराव फाईल घेऊन बरोबर आले.

मंडळी चारला पोहोचली. पाठोपाठ कीर्तनकार बुवांची गाडी बांबूशी थांबली.

“कुणाकडं जायचं?” कोंडीबानं विचारलं.

“मारुतीरायाकडं,” बुवा हात जोडून म्हणाले.

“त्येंना फोन लावा. त्यांनी व्हय म्हटल्याबिगर सोडता येत न्हाय.”

बुवा खो खो हसले. अर्ध्या तासानं मात्र हसायचे थांबले. शेवटी त्यांनी बांबूशीच उभं राहून टाळ वाजवला, तेव्हा कोंडीबाचा हात आपोआप कपाळाला गेला, बांबू सुटला, आणि बुवा आत आले.

कीर्तन सुरू झालं, पण पखवाज नुसताच ठेवलेला. वाजवणारा वळसंगला होता; प्रमाणपत्र मिळालं तरी ते टिकवायला फेरा चालूच होता. सहा वाजले. सात वाजले. बुवा चिपळ्यांवर भागवत होते, टाळकऱ्यांचा ठेका घसरत होता. वैजयंती बजाबाईशेजारी बसली होती.

“एवढा उशीर होतो?”

बजाबाई घाबरली. तिला पाठ असलेलं एकच उत्तर होतं. “मेट्रो येनार हाय,” ती म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

आरती होता होता शिवराज पोहोचला. धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. रावजी खुशीत म्हणाले, “बगितलंस? गडी दमून कसा आलाय! एक नंबर पुनं!”

“मला हे स्थळ नको,” वैजयंती म्हणाली.

शिवराजनं तिच्याकडं पाहिलं, पखवाजाकडं पाहिलं, खिशातलं प्रमाणपत्र काढलं आणि अजिनाथरावांच्या पुढं धरलं. “साहेब, हे परत घ्या.”

“परत घेता येतं,” अजिनाथराव म्हणाले. “पण मग तुमची नोंद ‘पुण्याहून परतलेले’ या वर्गात होईल. विधुर आणि घटस्फोटित यांच्या मधला रकाना.”

“मी पुण्याला गेलोच नाही!”

“प्रमाणपत्र आहे ना?”

“परतलेल्याला आमी पोरगी देनार न्हाय,” रावजी उठलेच. “लोक काय म्हंतील?”

“अण्णा, बसा,” वैजयंती म्हणाली. “माझं लोकांना काय सांगता तुम्ही?”

“काय म्हंजे?”

“तीन वर्षं मी पुण्यात नोकरी केली. म्हणजे पुण्याच्या बाहेर. शेजारच्या खोलीतल्या मुलीचं नाव मला सामान बांधायच्या दिवशी कळलं. परत आले ती माझ्या इच्छेनं आले. आणि तुम्ही सांगता, पोरगी सुट्टीवर आलीय. दोन वर्षं झाली, सुट्टी संपेना की!” ती अजिनाथरावांकडं वळली. “साहेब, मलाही त्याच रकान्यात घाला.”

अजिनाथरावांनी नियमावली काढली, बोटानं ओळ धरली. “कलम चौदा. एकाच वर्गातले उमेदवार परस्परांस अनुरूप समजावेत. पालकांची हरकत विचारात घेऊ नये.”

“लिवलंय तसं?” रावजींनी विचारलं.

“शिक्क्यासकट.”

रावजींनी शिक्का निरखून पाहिला. मग हळूच खाली बसले. “मंग इलाज न्हाय,” ते म्हणाले, आणि त्यांच्या मिशीतून जे हसू फुटलं, त्यासाठी कोणतंही कलम लागलं नाही. बजाबाईनं डोळे पुसले आणि भिंतीकडं तोंड करून हाक मारली, “गौरे! येतीस का न्हाय साखर घिऊन!” शिवराज पखवाजाला बसला आणि बुवांनी आरती पुन्हा पहिल्यापासून धरली.

त्या दोघांच्या लग्नाचा फोटो मंडळाच्या कार्यालयात दर्शनी भिंतीवर लावलेला आहे. खाली लिहिलंय, ‘पुणे-समकक्ष प्रमाणपत्राचे पहिले यश.’ तो पाहून अर्जदारांची रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत आली आहे. कुणी मोहोळचे, कुणी बार्शीचे, बरेचसे खुद्द पुण्याच्या उपनगरातले. आपण पुण्यात राहतो याचा कागद त्यांनाही हवा आहे. रांगेत वेळ जात नाही म्हणून ही हकीकत पुढून मागं सांगितली जाते. लोक पोट धरून हसतात. बाहेर मात्र कुणी पडत नाही.

तुमचं हसून झालं असेल तर जरा पुढं सरका. मागं माणसं खोळंबलीत.