किटलीचा शेवट

सोनाजीराव मोहिते नव्या माणसाला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, पगार तर मुळीच विचारत नाहीत. ते विचारतात, "किटलीचा शेवट कुठला बघितला तुमी?"

मलाही विचारलं होतं. साताऱ्याहून बदली होऊन आम्ही म्हैसूरजवळ हिनकलला आलो त्या दिवशी मी टेम्पोतून गादी ओढत होतो. कंपाउंडपलीकडून पांढऱ्या भरघोस मिशांचे एक गृहस्थ दोन्ही हात हलवत ओरडत होते, "बा! बा!"

आमच्याकडे बा म्हणजे बाप. साठीच्या माणसानं मला बाप म्हणावं? मी गादीआडून म्हणालो, "अहो, मी तुमचा बा कसा असेन?"

गृहस्थ खदखदून हसले. "अय्यो, कन्नड हो! बा म्हणजे ये. आमच्या घरात पण बापाला बाच म्हणतात. पण आमचा नियम साधा. आत म्हटलं तर मराठी, दारात म्हटलं तर कन्नड."

मग कॉफी आली आणि पाठोपाठ किटली.

किटली म्हणजे जपानी कार्टून. एक शाळकरी मुलगी आणि तिची बोलणारी किटली. मुलगी संकटात सापडली की किटली उकळते आणि वाफेतून हवं ते निघतं. आपल्याकडे ते कित्येक वर्षं चाललं. जपानात अजूनही चालतं. पण शेवट? दहा तोंडी दहा. सोनाजीरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या पलटणीत होते. पलटण कुठल्या लढाईत होती हे त्यांना धड सांगता येत नाही, पण किटलीचे शेवट सगळे पाठ.

हिंदीत मुलगी मोठी होते आणि तिला किटलीचं बोलणं ऐकू येईनासं होतं. किटली बिचारी स्वयंपाकघरात नुसता चहा करत राहते. हे सांगताना सोनाजीराव ओठांचा चंबू करून किटलीसारखे फुसफुसत. तमिळमध्ये ती भंगारात जाते, वितळते आणि तिचा रेल्वेचा रूळ होतो. "आणि तीच मुलगी त्या रेल्वेत बसते, अल्वा, हो की नाही! रूळ खालून बोलतो, हिला वाटतं चाकांचा आवाज." इथं ते रूळही होत, चाकंही होत. कृष्णधवल जमान्यातली पहिली आवृत्ती तर मधेच तुटते, मुलीचं वाक्य अर्धं ठेवून. गल्लीत त्यांना किटलीराव म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्यांना आवडतं.

फक्त एक शेवट त्यांच्यापुढं काढायचा नाही.

हे मला पिरियापट्टणला कळलं. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं, तंबाखूवाल्या सोयऱ्यांचं, म्हणजे थाट विचारू नका. पंगतीत नवऱ्या मुलाचा मित्र माझ्याशेजारी बसलेला. शेवटांचा विषय निघाला तसा तो म्हणाला, "अंकल, खरा शेवट माहीत आहे? ती मुलगी हॉस्पिटलमध्ये असते. किटली-बिटली काही नसतंच. सगळी तापातली स्वप्नं."

सोनाजीराव ताटावरून उठले. हातात अर्धी होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, तिच्यातून तूप गळतंय. "कोण सांगितलं? कुठल्या चॅनलवर? सुम्ने, उगाच काहीतरी बोलायचं!" आणि तसेच हात न धुता मांडवाबाहेर गेले. मी बेशरमासारखा मनात हसत होतो. काय एंट्री, काय एक्झिट!

म्हणूनच हेब्बाळच्या आमच्या कारखान्यात जपानहून एक वयस्क इंजिनिअर आले तेव्हा माझ्या अंगात खोडी शिरली. मी सोनाजीरावांना कँटीनमध्ये घेऊन आलो. इस्त्रीचा शर्ट, मिशांना तेल. पाहुण्यांचं इंग्रजी आणि सोनाजीरावांचं इंग्रजी यांची गाठ पडायला थोडा वेळ गेला, पण किटली म्हणताच पाहुणे लहान मुलासारखे हसले.

"शेवट?" ते म्हणाले. "शेवट नाही. ज्यांनी ती गोष्ट काढली ते शेवट न लिहिताच वारले. बाकी सगळे शेवट लोकांनी रचलेले."

मला वाटलं, आता भांडण होणार. मी खुर्ची सरकवून बसलो. सोनाजीराव मात्र "थँक्यू सार्" म्हणून उठले.

परतताना स्कूटरवर मागे बसून ते बोलले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"आमची तुळजा. तिसरीत होती. तापानं हॉस्पिटलात ठेवली होती. तिला वर्गातली एक मुलगी हा शेवट सांगितली होती, हॉस्पिटलाचा. सारखी विचारायची, बा, किटली नसतेच का? मी म्हटलं, थांब, विचारून येतो. केबलवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, किटली चांगली असते हो शेवटी. तेच सांगायला पळत आलो."

हुणसूर रोडला कंपनीच्या बसेस लागल्या होत्या. मी स्कूटर कडेला घेतली.

"नर्स म्हणाली, शेवटी बा, बा म्हणत होती. नर्स कन्नड. तिला वाटलं, किटलीला ये म्हणते. मला वाटतं, मला हाक मारली." "आत म्हटलं तर मराठी, दारात म्हटलं तर कन्नड. आता तुमीच सांगा, हॉस्पिटल आत धरायचं का दारात?"

मी स्कूटर बंद केली.

"कुठलंही धरा," तेच म्हणाले, "मी तिथं नव्हतो. शेवट विचारायला गेलो होतो."

त्यानंतर काही दिवस कंपाउंडपलीकडून किटली आलीच नाही. गल्ली म्हणाली, किटलीराव गार पडले. मी हसलो नाही.

मग आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहायला आली. आयटीतली. रविवारी सकाळी ती खाली झाडांना पाणी घालत होती, तेव्हा ओळखीचा आवाज आला, "किटलीचा शेवट कुठला बघितला तुमी?"

"अय्या, किटली! तुम्हाला माहितीये?" ती म्हणाली. "मी बघितला नाही, ऐकलाय. तो हॉस्पिटलवाला ना?"

मी आतून धावलो. दारापर्यंत पोहोचलो आणि थांबलो. सोनाजीराव कंपाउंडला दोन्ही हात टेकून उभे होते. कुठं निघून गेले नव्हते.

"त्यात," त्यांनी विचारलं, "तिचा बा येतो का वेळेवर?"

मुलगी पाइप हातात धरून विचार करू लागली. पाणी तिच्या चपलांवर पडत होतं.

"आठवत नाही काका. येत असेल."

"आठवून सांगा," सोनाजीराव म्हणाले. "मी हाय इथंच."