एक कागद, एक जागा

कंपनीतील प्रत्येक कागदाला संगणकात एक आणि एकच जागा असावी, असा ठराव संचालक मंडळाने एकमताने संमत केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी रचनाप्रमुख हे पद निर्माण केले. रचनाप्रमुखांनी फोल्डरांत फोल्डर, त्यांत पोटफोल्डर अशी भक्कम उतरंड रचली आणि नियम केला : ज्या कागदाची जागा निश्चित नाही, त्यावर निर्णय नाही. हाताखालची माणसे त्यांना फोल्डरमहाराज म्हणत, अर्थात, पाठीमागे.

याच सुमारास खरेदी विभागातील कारकून आणि विक्री विभागातील टंकलेखिका यांचा परस्परांशी विवाह ठरला. त्यांनी रजेसाठी संयुक्त अर्ज केला.

"खरेदीत ठेवावा तर विक्री रुसणार, विक्रीत ठेवावा तर खरेदी," रचनाप्रमुख म्हणाले. "दोघं वेगवेगळे अर्ज करा."

त्यांनी केले. मजकूर तोच असल्यामुळे यंत्रणेने दोन्ही अर्ज एकमेकांची नक्कल ठरवले आणि नियमानुसार दोन्ही पुसून टाकले.

"साहेब, लग्न सोमवारी आहे हो!" कारकून काकुळतीला आला.

"म्हणून काय व्यवस्था मोडायची?"

समिती नेमली गेली. सर्व सदस्य विवाहित असल्यामुळे चर्चा दबक्या आवाजात झाली. संयुक्त अर्जच पुन्हा घ्यावा आणि तो 'भागीदारी व विलीनीकरण' या फोल्डरात ठेवावा, असे ठरले. त्यात दोन पोटफोल्डर होते : 'कायमस्वरूपी' आणि 'मुदतबंद'.

"मुदत किती धरायची?" रचनाप्रमुखांनी विचारले.

"रजा मिळाली नाही तर आजच संपते," टंकलेखिका म्हणाली.

'कायमस्वरूपी'वर एकमत झाले. परंतु फोल्डरांच्या नावांना नावे जोडत जाता मारुतीच्या शेपटाएवढी लांबी झाली आणि संगणकाने फाइल साठवण्यास नकार दिला. काटछाट सुरू झाली. कंपनीचे नाव काढता येईना, विभागांची काढता येईनात. समितीचे काढण्याचा तर प्रश्नच नव्हता. अखेर फाइलच्या नावातून वराचे नाव वगळण्यात आले. फाइल चपखल बसली. रजा मात्र, नियमाप्रमाणे, जिचे नाव उरले तिलाच मंजूर झाली.

"अहो, मग ही लग्न करणार कोणाशी?" कारकून ओरडला.

"तो तपशील झाला. त्याचं जोडपत्र काढू. पुढच्या महिन्यात."

समितीचे इतिवृत्त टंकण्यासाठी टंकलेखिकेला रचनाप्रमुखांच्याच संगणकापाशी बसवण्यात आले. पडद्यावर मुंगीला पाय ठेवायला जागा नव्हती. मुलीची गुणपत्रिका, मेव्हण्याच्या गाडीचा विमा, कंपनीचे निम्मे करार, 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'अंतिम', 'अगदी अंतिम'. तिने दोघांचा मूळ अर्ज त्या गर्दीच्या मधोमध टाकला आणि त्याला नाव दिले : 'तात्पुरते'.

रचनाप्रमुख चहा घेऊन परतले, अर्ज उघडला आणि उभ्या उभ्या दोघांची रजा मंजूर करून मोकळे झाले.

"असं डोळ्यांसमोर ठेवत जा की!" ते करवादले. "उतरंडीत टाकलेलं आजवर सापडलंय कुणाला?"

लग्न सोमवारीच पार पडले. छायाचित्रे रचनाप्रमुखांनी हौसेने स्वतः काढली आणि जपून ठेवली. नवदांपत्य ती अद्याप मागत आहे.

सुज्ञ वाचकांस येथे हसू येईल. त्यांनी अवश्य हसावे. फक्त त्यापूर्वी स्वतःच्या, नाहीतर निदान थोरल्या बहिणीच्या, लग्नाचे फोटो कोणत्या फोल्डरात आहेत, तेवढे पाहून यावे. आम्ही थांबतो.