उणे एकशे दहा आणि दोन जोडवी

रविवारी पुतण्याची हळद होती आणि गुरुवारी सरोजबाईंचा उजवा गुडघा संपावर गेला. कोपरीच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेल्या बाईला गुडघेदुखीचं काय कौतुक! पण घरातल्या हळदीत नाचताना सगळ्यांत पुढे सरोजबाई, हे ठरलेलं होतं. आणि ती जागा त्यांची धाकटी नणंद चंद्रभागा हिला वीस वर्षांपासून हवी होती.

इलाज सुनेने शोधला. माजिवड्याला एक सेंटर निघालं होतं. तिथे कपाटाएवढ्या खोलीत तीन मिनिटं उभं राहायचं, आत उणे एकशे दहा अंश.

"आई, दुखणं कमी होतं म्हणतात," रुचिता म्हणाली.

"मी जन्मभर बर्फाजवळच बसलेय की गं!"

तरी त्या तयार झाल्या. रुचिताने फोनवर आलेली यादी वाचून दाखवली. अंग कोरडं हवं, तेल नको, धातू नको, ब्लडप्रेशर नॉर्मल हवं. सरोजबाई तेव्हा सुरमई कापत होत्या. त्यांच्या कानात शिरली ती फक्त थंडी. म्हणून शुक्रवारी निघण्यापूर्वी त्यांनी लसूण घालून कढवलेलं तेल अंगभर चोळलं.

सेंटरमधल्या शिवानीने दारातच नाक मुरडलं.

"मावशी, तेल लावून आत नाही जाता येत. आंघोळ करावी लागेल."

आंघोळ झाली. मग अंग ओलं म्हणून पंख्याखाली अर्धा तास गेला. मंगळसूत्र त्या रोज झोपतानाही काढत, ते रुचिताच्या पर्समध्ये ठेवलं. एवढ्यात शिवानीची नजर पायांकडे गेली.

"जोडवी काढा. एवढ्या थंडीत धातूनेही कातडी भाजते."

सरोजबाईंनी पाय मागे घेतले. पस्तीस वर्षांत जोडवी बोटातून हलली नव्हती. नवऱ्याला विचारल्याशिवाय ती काढणं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी फोन लावला.

"अहो, जोडवी काढू का?"

मोरूशेठ खाडीवर जाळं शिवत बसले होते. "कशाला? मी काय मेलो काय?"

फोन कट. वीस मिनिटांत ते रिक्षाने हजर झाले, सोबत चंद्रभागा. अशी संधी ती सोडणार नव्हती.

सगळं ऐकल्यावर मोरूशेठ म्हणाले, "काढ. मी हाय ना हितं जिता, उभा!"

उजव्या पायाचं जोडवं साबणाने निघालं. डावं हटेना. मोरूशेठांनी सोफ्याला पाय लावून, होडी ओढावी तसं ओढलं. सरोजबाई किंचाळल्या, बोट टम्म फुगलं आणि ब्लडप्रेशर निघालं एकशे ऐंशी.

"सॉरी मावशी, आज नाही जमणार," शिवानी म्हणाली. "तुमच्या नावावर दुसरं कोणी जाऊ शकतं."

"मी जाते," चंद्रभागा म्हणाली. "माजी पन कंबर धरलीय."

ब्लडप्रेशर चोख निघालं. तेलही नव्हतं.

"अंगावर धातू?"

"काढायला कायच नाय गं. नवरा गेला तवाच सगलं काढलं."

सरोजबाईंनी दुखरं बोट लुगड्याखाली ओढून घेतलं. त्यांना फार वाईट वाटलं.

तीन मिनिटांनी चंद्रभागा दात वाजवत बाहेर आली. "सुरमईला बर्फाच्या पेटीत काय वाटत असंल, ते आज कललं," ती म्हणाली.

दोन दिवस पाय वर घेऊन पडल्याने रविवारपर्यंत सरोजबाईंचा गुडघा ठणठणीत झाला. बोट मात्र जमिनीला टेकवेना. त्यांची खुर्ची मांडवाच्या कडेला मांडली गेली. बँजो सुरू झाला आणि चंद्रभागा, हक्काने, सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि थांबली. बँजोही थांबला.

"दादा, वैनीची खुर्ची हितं पुढं आन!"

खुर्ची पुढे आली. सरोजबाई बसल्या बसल्या हातांनी नाचल्या, मागे चंद्रभागा आणि तिच्या मागे सगळा मांडव.

जेवताना सरोजबाईंनी विचारलं, "वीस वर्षं ती जागा पायजे व्हती ना गं तुला?"

"व्हती," चंद्रभागा म्हणाली. "पन पुढं गेले नि तुमची पाठच दिसंना. पाय कुठं टाकायचा, तेच कलंना."